विचारा तर खरं : चीनला निघालेल्या मुलांसाठी

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले की भारत-चीन थेट विमानं ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा उडायला लागली आहेत, तेव्हा २०२० पासून बंद पडलेल्या विद्यार्थी-अदलाबदलीच्या सहलीही आता सुरू होतील. त्यावर आलेली पत्रं बघता काही ठिकाणी मुलांच्या याद्यासुद्धा लागलेल्या दिसतात. मी जन्मभर कॉलेजात जगाचा इतिहास शिकवला आणि निवृत्तीआधी मुलांच्या तुकड्या घेऊन बीजिंग, नानजिंग, शांघाय अशा फेऱ्या केल्या. म्हणून हा अंक चीनच्याच प्रश्नांना. ज्यांनी सुनेच्या, फ्लॅटच्या आणि पीएफच्या अडचणी पाठवल्या आहेत त्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत दम धरावा.

माझी मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘आधुनिक चीनचा इतिहास’ या सहलीसाठी कॉलेजातून तिची निवड झाली. घरात सगळे म्हणतात, बासष्ट साली ज्यांनी पाठीत खंजीर खुपसला त्यांच्याकडे कसला इतिहास बघायला जायचं? गलवान तर कालपरवाचं. पैसे भरायची तारीख तोंडावर आली आहे. काय करू? — एक आई, कऱ्हाड

ताई, पाठवा. घरच्यांचा राग खरा आहे, पण तो मुलीने सोबत न्यायचा आहे, त्यापायी घरी बसायचं नाही. तिथे गेल्यावर तिला एक धक्का बसेल, त्याची तयारी करून द्या. आपली एक अख्खी पिढी ज्या युद्धाने खचली, ते तिकडच्या वीस वर्षांच्या पोराला बहुतेक वेळा माहीतच नसतं. त्यांच्या शाळेत अफूचं युद्ध (चीनने अफूची आयात रोखली म्हणून इंग्रजांनी केलेलं) आणि जपानचं आक्रमण घोटून घेतलेलं असतं. बासष्ट जवळपास नसतंच. आपल्या मुलांना याचा भयंकर राग येतो. शत्रू म्हणून तरी आठवण ठेवायची!

माझ्याबरोबर साताऱ्याकडची एक मुलगी होती, घरात फौजेची परंपरा. होस्टेलच्या जिन्यावर बसून तिने वहीच्या पाठकोऱ्या पानावर तवांग, बोमडिला काढून तिथल्या मुलीला सगळं समजावलं. ती चिनी मुलगी आधी नुसती बघत राहिली. मग म्हणाली, माझे आजोबा कोरियाच्या लढाईत होते, पण घरी त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. पुढे दोघी रात्री उशिरापर्यंत आजोबांवरच बोलत होत्या. मी दोनदा जाऊन दिवा घालवायला सांगितलं, दोन्हीदा मला कोणी जुमानलं नाही.

आता आईच्या कामाचं. पैसे भरण्याआधी कॉलेजकडून लेखी घ्या : विमानभाडं, व्हिसा आणि विमा कोणाकडे, तिथला मुक्काम होस्टेलवर की कोणाच्या घरी, आणि सोबत बाई प्राध्यापक आहेत का. तिथे व्हॉट्सॲप आणि गूगल उघडत नाही, म्हणून वीचॅट इथेच, निघायच्या आधी, दोघींच्या फोनवर घालून घ्या. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं. तुम्ही रात्री साडेनऊला मालिका संपवून फोन कराल तेव्हा तिथे बारा वाजलेले असतील. उचलला नाही म्हणून घाबरू नका.

आम्ही इंदूरचे मराठी. मी एम.ए.ला आहे, आमच्या गटात इतिहासाची मी एकटीच. जाण्याआधी कुठून सुरुवात करू? मिंग, चिंग, कन्फ्यूशियस… डोकं भणाणून गेलं आहे. — एक विद्यार्थिनी, इंदूर

मिंग घराणं राहू दे. तू इंदूरची, म्हणजे बरोबर जागी बसली आहेस. चिनी पाठ्यपुस्तकात ‘आधुनिक’ काळ १८४० पासून, अफूच्या युद्धापासून धरतात. आणि ती अफू कुठली? एक बिहार-बनारसकडची, ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्त्यातली. दुसरी तुझ्या माळव्यातली. शिंदे-होळकरांच्या मुलखातली खसखशीची शेतं, उज्जैन-इंदूरच्या सावकारांचा पैसा आणि तिथून पश्चिम किनाऱ्याकडे निघणारे तांडे. हा माल कंपनीला मुठीत धरता येईना. शेवटी मुंबईतून जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर परवान्याचा कर बसवून तिने आपला वाटा काढला. तेव्हा तुझा गृहपाठ राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांपासून सुरू होतो.

मुंबईत ही जहाजं भरणाऱ्यांत जमशेटजी जीजीभॉय आघाडीवर. १८४२ साली ते ‘सर’ झाले, हिंदुस्थानी माणसाला मिळालेली ती पहिली सरदारकी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हरलेल्या चीनने नानजिंगच्या तहावर सही केली. जे.जे. हॉस्पिटल, जे.जे. स्कूल ऑफ आर्ट, माहीमचा कॉजवे, सगळं त्या घराण्याच्या दानातून. मी त्यांना नावं ठेवत नाही. आमच्या घरातली माणसं त्या हॉस्पिटलातून बरी होऊन आलेली आहेत. पण जमाखर्च मांडायचा तर दोन्ही बाजू मांडाव्यात.

जून १८३९ मध्ये लिन झशू या चिनी अधिकाऱ्याने हूमेनच्या किनाऱ्यावर जप्त केलेल्या वीस हजारांहून जास्त पेट्या नष्ट केल्या. मोठमोठे खड्डे खणले, त्यांत खारं पाणी सोडलं, वरून चुना टाकला, आणि विरघळलेली अफू समुद्रात सोडून दिली. तीन आठवडे हे काम चाललं होतं. त्या पेट्यांत मुंबईकरांचा मालही भरपूर होता आणि भरपाईसाठी मुंबईच्या व्यापाऱ्यांनी सरकारदरबारी अर्जांवर अर्ज केले. चीनच्या पाठ्यपुस्तकात लिन हा मोठा नायक आहे. आपल्या पुस्तकांत त्या अर्जांबद्दल ओळसुद्धा नसते.

नानजिंगला यांगत्सेच्या काठाजवळ जिंगहाय नावाचं देऊळ आहे. तहाच्या वाटाघाटी तिथे झाल्या, आणि २९ ऑगस्ट १८४२ ला सही झाली ती नदीत नांगरून ठेवलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या इंग्रज युद्धनौकेवर. हाँगकाँग गेलं, पाच बंदरं उघडी करावी लागली, वर दोन कोटी दहा लाख चांदीचे डॉलर दंड. देवळात आता या तहाचं संग्रहालय आहे. गाईड जहाजाचं नाव घेतो आणि पुढच्या दालनाकडे वळतो. तू तिथे थांब. ती नौका १८१३ साली मुंबईच्या गोदीत बांधलेली, सागवानाची, वाडिया घराण्यातल्या जमशेटजी बमनजींच्या हाताखाली. मी हे सांगितलं तेव्हा तिथला तरुण गाईड पाठ केलेलं बोलता बोलता थांबला, खिशातून छोटी वही काढली आणि म्हणाला, नाव लिहून द्या, गोदीचंही लिहा. मी लिहून दिलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि मग आमच्याच मुलांना तो मुंबईबद्दल विचारत सुटला. आमच्या मुलांना गोदी कुठे आहे तेच धड सांगता येईना. म्हणून म्हणते, जाताना मुंबईहून विमान असेल तर एक दिवस आधी ये आणि फोर्टात भटक. वेळ उरला तर माझगावचं चिनी देऊळही बघ, १९१९ चं आहे.

शांघायलाही हेच. नदीकाठच्या त्या प्रसिद्ध इमारतींच्या रांगेत हिरव्या निमुळत्या छपराचं एक हॉटेल आहे. १९२९ साली ते व्हिक्टर ससून यांनी बांधलं. हो, तेच ससून. पुण्याच्या ससूनमध्ये ज्यांनी ज्यांनी केसपेपर काढला आहे त्यांनी हे छप्पर जरा बारकाईने बघावं. डेव्हिड ससून बगदादहून मुंबईत आले, त्यांच्या मुलाने १८४४ मध्ये चीनमध्ये पेढी उघडली, अफू आणि कापूस यांवर घराणं फुगलं. डेव्हिड ससून यांची कबर पुण्यात, लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या आवारात आहे. व्हिक्टर हे त्यांचे पणतू. मुंबईच्या गिरण्यांतला पैसा उचलून त्यांनी शांघायच्या जमिनीत घातला.

आणखी एक सांगते, कारण तुला चेहऱ्यावरून ओळखतील. ३० मे १९२५ ला शांघायच्या नानजिंग रोडवर मोर्चावर गोळीबार झाला. हुकूम इंग्रज अधिकाऱ्याचा, बंदुका शीख आणि चिनी शिपायांच्या हातात. या गोळीबाराने चीनभर संपाची आणि बहिष्काराची लाट उठली. जुन्या फोटोंत पगडीवाले दिसतील. तेव्हा ‘आपण दोघेही इंग्रजांचे गुलाम होतो’ हे वाक्य स्वागत समारंभात ठोकून देण्याआधी एवढं माहीत असावं.

सहलीच्या नावाखाली सरकारी संग्रहालयं दाखवून मुलांच्या माथी प्रचार मारला जाणार, हे उघड आहे. अशा सहलींना इतिहासाचा अभ्यास म्हणणं ही धूळफेक नाही का? — निवृत्त मुख्याध्यापक, नागपूर

सर, दाखवतील ते त्यांना हवं तेच, याबद्दल वाद नाही. पण सरकारी इतिहास हासुद्धा पुरावाच असतो. कोण काय सांगतं, कुठे घाई करतं, कुठे आवाज चढवतं, हे बघायला शिकणं हा अभ्यास नाही तर काय?

तिआनआनमेन चौकाच्या पूर्वेला त्यांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. (सोमवारी बंद. पासपोर्टाच्या नंबरावर आधी नोंदणी केल्याशिवाय आत सोडत नाहीत, हे आयोजकांच्या कानावर घाला.) तिथल्या आधुनिक इतिहासाच्या प्रदर्शनाला साधारण ‘पुनरुत्थानाची वाट’ अशा अर्थाचं नाव आहे. सुरुवात १८४० पासून. मुलांना मी एकच काम देते : भिंतीवरची सालं वहीत उतरवायची आणि कोणत्या सालाला किती भिंत मिळाली ते पावलांनी मोजायचं. अफू, जपान, १९४९ ची कम्युनिस्ट क्रांती यांना लांबच लांब भिंती. मग १९५८ ची मोठी झेप, म्हणजे शेती सामुदायिक करून उद्योग झपाट्याने वाढवायची माओची मोहीम, आणि तिच्या पाठोपाठचा दुष्काळ येतो, ज्यात मेलेल्यांचे अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. तिथे पावलं मोजायची वेळ येत नाही. १९६६ ते ७६ ची सांस्कृतिक क्रांती, जुने विचार आणि विरोधक मोडून काढायची माओची मोहीम, तीही तशीच उरकलेली. पुढे १९७८, आर्थिक सुधारणांचं साल, लागलं की दिवे पुन्हा लख्ख.

पण म्हणून ‘तिथे सगळं दडपलेलं आहे’ असंही मुलांना सांगू नका. सांस्कृतिक क्रांती ही घोडचूक होती आणि तिने देशाचं अपार नुकसान केलं, हे खुद्द कम्युनिस्ट पक्षाने १९८१ च्या ठरावात लिहून ठेवलेलं आहे. म्हणजे बोलायची परवानगी आहे, ठरलेल्या रेषेपर्यंत. ती रेषा कुठे आहे हे शोधणं मुलांना फार आवडतं.

त्याच संग्रहालयाच्या संग्रहात एक कागद आहे. शक्य झालं तर तो बघायला मिळावा म्हणून खटपट करा. आन्हुई प्रांतातलं शिआओगांग हे गाव, १९७८ चा हिवाळा. भुकेने गांजलेल्या अठरा शेतकऱ्यांनी कम्यूनची, म्हणजे सामुदायिक शेतीची, जमीन चोरून आपापसांत वाटून घ्यायचं ठरवलं. तेव्हा हा गुन्हा होता. कागदावर वेडंवाकडं अक्षर, खाली नावं आणि नावांवर लाल अंगठे. त्यात असं कलम आहे की यापायी कोणी तुरुंगात गेला तर त्याची पोरं अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची. पुढे सरकारने हीच पद्धत देशभर उचलली, म्हणून कागद काचेत गेला. नाहीतर पोलिसांच्या फायलीत गेला असता. यवतमाळच्या एका मुलाने त्याचा फोटो बराच वेळ मोठा करून बघितला आणि विचारलं, बाई, यात अंगठे सतराच का दिसतात? मी पुन्हा मोजायला सांगितलं. त्याने तीनदा मोजले, मग म्हणाला, एकाने नावावरच दाबलाय. सहल वसूल झाली असं मला वाटलं.

१९८९ मध्ये तिआनआनमेन चौकातलं विद्यार्थ्यांचं आंदोलन लष्कर घालून चिरडलं, त्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तेच तुमच्या मनात असणार. चौकात उभं राहून गाईडला ते विचारायचं नाही, हा माझा कडक नियम. मुलं धीटपणाच्या तोऱ्यात असतात. पण आपण विमानात बसून परत येतो, आणि झळ लागते ती त्या गाईडला. जे वाचायचं ते इथे वाचून जावं.

परत आल्यावर मी मुलांना तेच भिंत मोजायचं काम आपल्या जिल्ह्याच्या संग्रहालयात करायला लावत असे. १९७२ च्या दुष्काळाला कुठे किती भिंत आहे? नागपुरात करून बघा, सर, आणि मला कळवा.

आम्हाला दोन दिवस एका कुटुंबात राहायचं आहे. आजी-आजोबांनी माओचा काळ बघितलेला असणार. त्यांना काय विचारावं? माझ्या यादीत पहिला प्रश्न आहे : ‘माओबद्दल तुमचं मत काय?’ — एस.वाय.बी.ए., नाशिक

तो प्रश्न खोडून टाक. तुझ्या आजोबांना कोणी परक्या पोराने जेवणाच्या ताटावर ‘इंदिरा गांधींबद्दल तुमचं मत काय’ म्हणून विचारलं तर ते काय सांगतील? ‘चांगल्या होत्या, भाजी घे.’

खाण्यापिण्याचं विचार. धान्याच्या कुपनांचं विचार. १९५५ पासून १९९३ पर्यंत चीनमध्ये धान्य कुपनावर मिळायचं, आणि साठीपुढच्या कोणालाही त्याबद्दल भरभरून बोलता येतं. पहिली सायकल कधी आली, लग्नात काय दिलं, शाळा किती वर्षं बंद होती. रेशनच्या रांगेतून निघालेली गोष्ट आपोआप माओपर्यंत जाते, त्यांना जायची असेल तर.

शांघायमध्ये आमचा एक जळगावचा मुलगा ज्या घरी उतरला होता तिथे मीही संध्याकाळी चहाला गेले. आजोबांच्या हातात पांढरा एनॅमलचा मग, कडेला कपचे उडालेले, वर लाल अक्षरं अर्धी पुसलेली. घरातली सून म्हणाली, किती नवे आणले, हे यातच पितात. १९६८ नंतर शहरातली शिकलेली पोरं खेड्यात ‘शेतकऱ्यांकडून शिकायला’ धाडली. दहा वर्षांत अशी सुमारे एक कोटी सत्तर लाख पोरं गेली. त्यांतलेच हे एक, सतराव्या वर्षी थेट रशियाच्या सीमेवर हेइलोंगजियांगला. निघताना मिळालेला तो मग.

आमच्या मुलाने विचारलं, तिथे काय पिकायचं? शेतकऱ्याचंच पोर, त्याला दुसरं सुचलंच नाही. आजोबा एकदम ताठ बसले. सोयाबीन, म्हणाले, आणि गहू. एक सरी इतकी लांब की सकाळी खुरपायला बसलं तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत जेवायची वेळ व्हायची. मग दोघांचं सोयाबीनवरच जुंपलं : पेर कधी, तण कुठलं, मातीचा रंग काय. दुभाषी मुलगी टेकीला आली, तिला तणांची नावंच येईनात. त्या बोलण्यातून मध्येच आजोबांनी सांगितलं की १९७७ च्या हिवाळ्यात विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दहा वर्षांनी पुन्हा झाली तेव्हा ते बसले होते. देशभरातून ५७ लाख बसले आणि जेमतेम पावणेतीन लाखांना जागा मिळाली. आजोबांना मिळाली नाही, धाकट्या बहिणीला मिळाली. सूनबाई म्हणाली, हे आम्हाला माहीत नव्हतं. आजोबा म्हणाले, तुम्ही कधी सोयाबीनचं विचारलं नाहीत.

बोलायची इच्छा दिसली नाही तर रेटू नकोस. आणि फोन रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवायचा असेल तर आधी विचार. वही बरी.

मी सोलापुरात एम.बी.बी.एस. करतो. आमच्या कार्यक्रमात डॉ. कोटणीसांच्या समाधीची जागा नाही. आयोजक म्हणतात, वाटेत नाही. खरंच वाटेत नाही का? — एक विद्यार्थी, सोलापूर

वाटेत आहे. बीजिंगहून शिजियाझुआंग बुलेट ट्रेनने सव्वा-दीड तास. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. सोलापूरच्या मुलांना कोटणीसांची समाधी न दाखवता परत आणणाऱ्या आयोजकांना माझं नाव सांग आणि हा अंक दाखव.

शहरातल्या शहीद स्मशानभूमीत ते आहेत. त्याच आवारात कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून. बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुख म्हणून १९४१ मध्ये कोटणीस आले. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईच्या बंदरातून, जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने धाडलेले पाच डॉक्टर निघाले होते : अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी. (चोळकर नागपूरचे. मुख्याध्यापक सर, हेही तुमच्याच गावचं, आणि यांचं नाव मला नागपुरातसुद्धा फार थोड्यांकडून ऐकायला मिळालं.) बाकीचे चौघे परतले, कोटणीस राहिले. परिचारिकांना शिकवणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि तो काही महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ ला, अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. वय ३२.

तू डॉक्टर होणार आहेस म्हणून सांगते. हुतात्मा, मैत्रीचा पूल वगैरे भाषणं तिथे होतीलच, ऐकून घे. तू मात्र दुसरंच बघ. शस्त्रक्रिया कुठे चालायच्या, भूल द्यायला काय होतं, जखमी आणायचे कशावरून. शिजियाझुआंगहून मोटारीने तांग परगण्यात जाता आलं तर तिथे बेथ्यून आणि कोटणीस या दोघांचं स्मारक-संग्रहालय आहे. त्याच परगण्यातल्या गेगोंग गावात कोटणीसांचा मृत्यू झाला. डोंगराळ, कोरडा मुलूख आहे, आपल्या माणदेशासारखा. ऐन लढाईत या माणसाने चिनी भाषा शिकून त्याच भाषेत शस्त्रक्रियेवर विद्यार्थ्यांसाठी लिहायला घेतलं होतं. शेठ जी.एस. मेडिकलमध्ये शिकलेला, नुकता तिशीत आलेला माणूस.

समाधीवर फुलं तिथेच मिळतात. इथून न्यायचंच असेल तर सोलापुरातल्या त्यांच्या घराचा, आता स्मारक आहे त्याचा, आजचा फोटो ने. तिथल्या कर्मचाऱ्यांना जुने फोटो पाठ असतात, नवा कोणी आणत नाही.

नानजिंगच्या हत्याकांडाचं स्मारक कार्यक्रमात आहे. मला असं बघवत नाही. सोडून दिलं तर चालेल का? — एक विद्यार्थिनी, पुणे

चालेल. कोणावर सक्ती नसावी, आणि असेल तर मला कळव.

जायचं ठरवलंस तर काय आहे ते माहीत असू दे. १३ डिसेंबर १९३७ ला जपानी सैन्य तेव्हाच्या राजधानीत शिरलं आणि पुढचे सहा आठवडे कत्तल आणि बलात्कार चालले. भिंतीवर ३,००,००० हा आकडा कोरलेला आहे. आकड्यावर जपानी आणि इतर अभ्यासकांत वाद आहेत, पण तो वाद त्या भिंतीपुढे घालायचा नसतो. जिथे स्मारक आहे तिथेच सापडलेली हाडं काचेखाली आहेत. तो भाग तू वगळू शकतेस, बाहेरच्या अंगणातून वळसा घालता येतो.

त्याऐवजी, किंवा त्यानंतर, जॉन राबे यांचं घर बघ. सीमेन्स कंपनीचा जर्मन अधिकारी, नाझी पक्षाचा सभासद, आणि शहरातल्या सुरक्षित विभागाच्या समितीचा अध्यक्ष. स्वतःच्या आवारात त्याने शेकडो माणसं लपवली, आणि मोठा स्वस्तिकाचा झेंडा अंगणात पसरून ठेवला, वरून जपानी विमानांना दिसावा म्हणून. त्या झेंड्याखाली चिनी कुटुंबं झोपायची. ही गोष्ट ऐकून मुलं गप्प होत नाहीत, भांडायला लागतात. नाझी चांगला कसा, पक्ष वेगळा आणि माणूस वेगळा का, वगैरे. बसमध्ये हॉटेलपर्यंत भांडण चालू असतं. मला ते स्मारकातल्या शांततेपेक्षा बरं वाटतं.

मडगावहून लिहितो. तुमचं सगळं मुंबई-मुंबई चाललेलं असतं. मकाव आमच्याकडून चालायचं, हे लिहा की! — एक वाचक, गोवा

लिहिते, बाबा. १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या पोर्तुगीज सरकारच्या हाताखाली होता. आणि कंपनीचा कर चुकवून माळव्याची अफू दमणमार्गे मकावला जायची, त्या धंद्यात मुंबईत राहणारे गोंयकार व्यापारी रोजेरियो द फारिया हे जीजीभॉयांचे भागीदार होते. आता खूश? हिशेबात तुम्हीही आलात. मकाव डिसेंबर १९९९ मध्ये चीनकडे गेलं. तिथे जायचं तर चीनचा व्हिसा एका प्रवेशाचा असेल तर परत आत येताना अडाल, तेवढं आयोजकांना विचारा.

आम्ही जैन. मुलगा उपाशी मरेल का? शिवाय यजमानांना भेट काय द्यावी? — सांगली

मरणार नाही, पण पहिले दोन दिवस कुरकुरेल. कांदा-लसूण नसलेलं हवं तर बौद्ध देवळांच्या आवारातली शाकाहारी भोजनालयं शोधावीत. तिथे कांदा, लसूण दोन्ही वर्ज्य असतं. कंदमुळं मात्र असतात, ते त्याने स्वतः बघून घ्यायचं. बाहेर ‘भाजी’ म्हणून आलेल्या पदार्थात डुकराची चरबी असू शकते, म्हणून आपण काय खात नाही याची चिनी भाषेतली चिठ्ठी आयोजकांकडून लिहून घेऊन खिशात ठेवावी. गरम पाणी मात्र स्टेशनावर, गाडीत, होस्टेलवर सगळीकडे फुकट मिळतं. खाकरे, मेतकूट आणि गरम पाण्यात होणारा उपमा एवढ्यावर माझी मुलं निभावली आहेत.

भेट म्हणून घड्याळ नेऊ नका, तिकडे ते मरणाशी जोडलेलं अशुभ मानतात. सांगलीची हळद न्या. विमानतळावर पिवळी पूड बघून विचारतील, म्हणून कंपनीच्या बंद पाकिटातली.

पुढच्या अंकात सुना आणि पीएफ.